टोचन आणि टोचणी

(बी. एस्सी., तृतीय वर्ष)

बंद पडलेली मोटार दुसऱ्या गाडीच्या मागे बांधून ओढत नेणे, याला आपल्याकडचे गॅरेजवाले ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘टो चेन’चे मिस्त्री लोकांनी आपल्या सोयीने केलेले हे रूप असावे. ओढायचा दोर, ओढायची साखळी आणि ओढण्याची क्रिया या तिन्हींना मिळून हा एकच शब्द. मराठीत ‘टोचणी’ असाही एक शब्द आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोहोंचा काही संबंध नाही हे आमचे मराठीचे सर लगेच सांगतील. माझ्या बाबतीत मात्र तो संबंध एका नोव्हेंबरच्या दुपारी जडला, आणि त्याविषयीच लिहायचे आहे.

विषय गॅरेजचा आहे म्हणून मैत्रिणींनी पान उलटू नये. त्या दुपारी ओढल्या जाणाऱ्या गाडीत मीच बसले होते.

आमचे गाव निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर. तंबाखूच्या एका बऱ्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, आबांनी प्रीमियर पद्मिनी घेतली. ती बरीच वर्षे चालली, मग लग्नकार्यापुरती चालली, मग वखारीच्या पडवीत उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या तेव्हा आजी म्हणाली की आता तरी हिचा काही निकाल लावा. निकाल म्हणजे भंगार किंवा दुरुस्ती. जुन्या गाड्या असलेल्या घरांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो, कारण पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेचे पाच हजार झाले, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते दहा हजारांवर गेले. आबांनी भंगाराचा विषय एका वाक्यात संपवला. “मी मेल्यावर विका,” म्हणाले. तेव्हा दुरुस्तीच ठरली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गाडी निपाणीच्या गॅरेजात न्यायची तयारी केली. पुढे त्यांचे पिकअप, मागे पद्मिनी, मध्ये विहिरीवरचा जुना काथ्याचा सोल.

मागच्या गाडीत कोण बसणार, हा प्रश्न आला. माझा चुलतभाऊ चांगला ड्रायव्हर आहे, पण त्याला पिकअपमध्ये तात्यांच्या शेजारी बसून गॅरेजवाल्याशी फोनवर बोलायचे होते. लायसन्स माझ्याजवळ होते, काढून पाच महिने झाले होते. तात्या म्हणाले, “तू बस गं मागं. तुला काय करायचंय? इंजान बंद, गिअर न्हाई, क्लच न्हाई. नुस्तं चाक धरून बसायचं.”

हे वाक्य मी मुद्दाम जसेच्या तसे दिले आहे. कारण पुढे जे झाले त्याचे मूळ सोलात जेवढे होते तेवढेच या वाक्यात होते, असे माझे मत आहे.

सोलाने ओढल्या जाणाऱ्या गाडीत जो बसला नाही त्याला वाटते की ते आरामाचे काम असते. प्रत्यक्षात तसे काही नाही. पुढची गाडी सुटते, सोल ताणला जातो, आणि आपली गाडी हिसका बसून पुढे येते. हिसक्याने ती पुढच्या गाडीपेक्षा थोडी जास्तच वेग घेते, त्यामुळे सोल ढिला पडून जमिनीला लोळतो. मग पुन्हा ताण, पुन्हा हिसका. सोल सतत हलकासा ताणलेला ठेवायचा असेल तर मागच्याने ब्रेकवर पाय ठेवून सारखे जोखत राहावे लागते. पुढे वळण आहे की खड्डा, हे त्याला दिसत नाही, कारण समोर पिकअपचे फाळके असते. पद्मिनीच्या ब्रेकना सर्व्हो नाही, त्यामुळे इंजिन बंद असले तरी ते लागतात. पण आमची गाडी वर्षानुवर्षे उभी, त्यामुळे ते एकाच अंगाने लागत आणि दर वेळी गाडी डावीकडे ओढ घेई. (आजच्या गाड्यांत हे आणखी बिकट होते. इंजिन बंद असले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर चाक वळवायला दोन्ही हातांचा जोर लागतो.)

उसाचा हंगाम सुरू झालेला. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. तरीही पाच-सहा किलोमीटर आम्ही नीट आलो. मग एक तिठा लागला. डावीकडून येणारा रस्ता उसाच्या फडाआडून येत होता. पिकअप तिठा ओलांडून गेले. मी मागे होते. सोल तेव्हा ढिला होता, रस्त्यावर पडलेला, मातीच्या रंगाचा. डावीकडून एक मुलगा मोटारसायकलवर आला. त्याला एक पिकअप गेलेले दिसले, मग मोकळी जागा, मग मागून सावकाश येणारी एक जुनी मोटार. कुणीही जे केले असते तेच त्याने केले. मोकळ्या जागेतून पलीकडे जायला त्याने गाडी घातली.

नेमका त्याच वेळी सोल ताणला गेला.

मी ब्रेक दाबला होता. पण सोलाने ओढल्या जाणाऱ्या गाडीत ब्रेक दाबणे म्हणजे सोल आणखी ताणणे, हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी काय केले असते, हेही मला आज सांगता येत नाही. त्याचे पुढचे चाक सोलात अडकले आणि तो माझ्या बॉनेटसमोर खांद्यावर आपटला. पद्मिनी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्याच्या डाव्या गळ्याजवळचे हाड मोडले. डोके वाचले, कारण हेल्मेट होते. आम्ही त्याला उचलून पिकअपमध्ये घेतले तेव्हा तो एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होता, “हग्ग काणिसलिल्ल.” दोर दिसला नाही.

आपली चूक नव्हती एवढेच त्याला सांगायचे होते. खरोखरच नव्हती. त्याच्या घरच्यांनी तक्रार केली नाही, दवाखान्याचा खर्च तात्यांनी केला, आणि दोन्ही घरांनी ‘नशीब’ म्हणून विषय मिटवला. मला तो मिटवता आला नाही. सुट्टी संपवून बेळगावला आले आणि वाचनालयात बसून या बाबतीत नियम काय आहे ते शोधू लागले.

नियम होता. १९८९ साली केंद्र सरकारने रस्त्याच्या नियमांची एक नियमावली काढली होती. २०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमांनी घेतली, पण मी इथे जुनीच सांगते, कारण तात्यांनी लायसन्स काढले ते तिच्याच अमलात. तिच्यात टोचनासाठी स्वतंत्र कलम होते. बिघडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. पुढची चाके उचललेली नसतील तर मागच्या गाडीत चाकाशी ती गाडी चालवायचे लायसन्स असलेला माणूस हवा. दोन गाड्यांमधले मोकळे अंतर पाच मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. दोर किंवा साखळी रस्त्यावरच्या इतरांना सहज दिसेल अशी व्यवस्था हवी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत, अक्षरे किमान ७५ मिलिमीटर उंचीची, ‘ऑन टो’ असे लिहिलेले हवे. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. (आपल्या भागात पाटी म्हटली की ती कोणत्या भाषेत, हा पहिला प्रश्न. तो इथे नियमानेच सोडवला होता, पाटी इंग्रजीत.)

आमच्यापाशी यातले काय होते? माझे लायसन्स आणि जवळचे गॅरेज, बस्स. सोल सोळा-सतरा हातांचा, म्हणजे सात मीटरांच्या पुढचा. पाटी नाही. सोलाला एखादे लाल फडकेही बांधलेले नाही. ते फडके बांधले असते तर तो मुलगा कदाचित थांबला असता. टोचणी म्हणतात ती ही. घरात लाल फडकी काय कमी होती?

तरी माझे म्हणणे ‘नियम पाळा’ एवढेच नाही. नियम जरूर पाळावेत. पण ते मन लावून वाचताना मला असे दिसले की सोलाचा दोष नियमांनी पुरता झाकत नाही. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसात मीटर. पाच मीटरचे अंतर कापायला या वेगाने पाऊण सेकंद लागतो. पुढच्याने एकाएकी ब्रेक मारला, तर तो पाहून आपला पाय पेडलवर जाईपर्यंत पाऊण ते एक सेकंद सहज जातो. अंतर वाढवले तर मध्ये कुणी शिरते, कमी केले तर आपण पुढच्यावर जाऊन आदळतो. सोल दहा हात घ्या नाहीतर वीस, कुठली तरी एक बाजू उघडी राहतेच.

हिसक्याचेही गणित मी करून पाहिले. पद्मिनीचे वजन सुमारे नऊशे किलो. सपाट डांबरी रस्त्यावर, चाकांत पुरती हवा असताना, एवढी गाडी सावकाश ओढायला तिच्या वजनाच्या दीड टक्का, म्हणजे तेरा-चौदा किलोंचा जोर पुरतो. भरल्या कळशीएवढा. वीस फुटांना एक फूट असा चढ असला तर त्यात आणखी पंचेचाळीस किलो मिळवा. आता सोल ढिला पडला आहे आणि तो ताणला जाताना दोन गाड्यांच्या वेगांत ताशी पाचच किलोमीटरचा फरक आहे असे धरा. तो वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर, ताणून हा फरक भरून निघाला, तर त्या वेळची सरासरी ओढ चारशे चाळीस किलोंच्या घरात जाते, आणि शेवटचा हिसका याच्या दुप्पट. तेरा किलोंच्या कामाला आठशे किलोंचा हिसका! जुन्या, गंजलेल्या गाडीचा ओढायचा हूक उपटून येतो तो इथे. नायलॉनचा दोर असेल तर तो जास्त ताणला जातो, हिसका थोडा सौम्य करतो, पण ताणलेला असताना तुटला तर टोकाच्या लोखंडी आकड्यासकट गोफणीसारखा सुटतो.

या सगळ्यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. सोलाच्या जागी दांडा. परदेशात यासाठी लोखंडी दांडे तयार मिळतात. अमेरिकेत निवृत्त माणसे घरासारखी मोठी मोटार घेऊन देशभर फिरतात, तेव्हा गावात हिंडण्यासाठी एक लहान मोटार तिच्या चारी चाकांवर मागे ओढत नेतात. जहाजामागे बांधलेल्या होडीसारखी, म्हणून तिला ते ‘डिंगी’च म्हणतात. इंग्लंडमध्ये अशी दांड्याने जोडलेली मोटार कायद्याने ट्रेलर समजली जाते, आणि ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असा तिथला नियम आहे. ही सगळी हौसेची आणि भरल्या खिशाची उदाहरणे. मला खरे समजावून सांगितले ते आबांनी, गोठ्याबाहेर बसून.

आबा म्हणाले, “बैलगाडीला बैल दोरानं जुंपल्यालं कधी बघितलंयस? जू, आन् जवाला दांडी. दांडी कशाला? उताराला. उताराला गाडी बैलांच्या अंगावर येती, तवा बैल मान मागं रेटून गाडी धरत्यात. दोर आसता तर गाडी बैलांच्या टाचंवर गेली आसती.” मग थोडे थांबून म्हणाले, “चढाला जादा ओझं आसलं तर म्होरं आनी एक जोडी साखळीनं जुंपायचो. पर माथ्यावर आलं की पयली ती जोडी सोडायची. साखळी चढाची, दांडी उताराची.”

दोर फक्त ओढतो, दांडा ओढतो आणि रेटतोही, हे यांत्रिकीच्या पहिल्याच धड्यात मी शिकले होते. पण परीक्षेत त्याचे चार गुण मिळवूनही त्या दिवशी सोल बांधताना ते मला आठवले नव्हते. आबा शाळेत चौथीपर्यंत गेले.

त्या जानेवारीत मी हट्टाने दांडा करवून घेतला. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रकामाचे इतके कारखाने आहेत की लोखंडाची कुठलीही वस्तू चित्र काढून दाखवली तर करून मिळते. माझ्या मैत्रिणीच्या भावाचे तिथे लहानसे वेल्डिंगचे दुकान आहे. जाड भिंतीच्या पाइपाचा, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा दांडा त्याने केला. टोकाची बाजू पिकअपच्या मागच्या हुकाला पिनेने बसते आणि दोन पाय पद्मिनीच्या पुढच्या अंगाला दोन ठिकाणी. खर्च दोन नव्या टायरांइतका आला. तात्यांनी पैसे दिले, पण कुरकुरत. मिस्त्री तर हसलेच. “ताई, तीस वर्षं सोलानंच ओढतोय, एक बी मेला न्हाई,” म्हणाले. मी त्यांना विचारले, “आणि मोडले किती?” त्यावर ते काही बोलले नाहीत, पण हातोडी घेऊन पद्मिनीखाली शिरले. लोखंड ठोकून ठोकून आवाज ऐकत गेले. जिथे टणटणीत आवाज आला तिथे पट्टी बसवू दिली, जिथे भद्द आवाज आला तिथे नाही. ही कला मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सांगाडा आणि पत्रा एकच. पत्रा गंजला की गाडीचा कणाच गंजला. त्यामुळे दांडा बंपरला बांधणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि स्टिअरिंगच्या दांड्यांना काहीही बांधणे हा त्याहून मोठा.

‘ए’ आकाराच्या दांड्याची गंमत अशी की मागची गाडी आपोआप वळते. सायकलची सीट धरून सायकल पुढे ढकलली तर हँडल न धरताही ती सरळ जाते, आपण सीट कलवली तर हँडल त्या बाजूला वळते. मोटारीच्या पुढच्या चाकांची ठेवणही तशीच असते. फक्त स्टिअरिंगचे कुलूप उघडे पाहिजे, म्हणजे ज्या गाड्यांना ते असते त्यांची किल्ली आत हवी. आता तीच सायकल सीट धरून मागे ओढा. हँडल गर्रकन फिरते. म्हणून दांडा लावलेली गाडी कधीही रिव्हर्समध्ये रेटायची नाही. रस्ता चुकला तर दांडा काढा, गाडी हाताने वळवा, पुन्हा लावा.

दांड्याचे पथ्य एवढ्यावरच संपत नाही. थांबवायचे सगळे काम पुढच्या गाडीच्या ब्रेकांवर पडते, म्हणून पुढची गाडी मागचीपेक्षा चांगली जड हवी. हलक्या गाडीने जड गाडी दांड्याने ओढली तर उताराला मागचीच पुढचीला ढकलत नेईल. पिन निसटू नये म्हणून तिला आडवी स्प्लिट पिन, आणि तीही तुटली तर म्हणून एक साखळी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्या न्यूट्रलमध्ये थोडे अंतर ओढायला हरकत नाही. पण लांब न्यायच्या तर प्रोपेलर शाफ्ट सोडवावा, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सच्या आतले तेल उडवणारे चाक फिरत नाही आणि वरचे भाग कोरडे घासतात. ऑटोमॅटिक गिअरच्या आणि विजेवरच्या गाड्यांना मात्र चाकांवर ओढण्याच्या फंदातच पडू नये. त्या उचलूनच न्याव्यात.

वैशाखात दांड्याची परीक्षा झाली. पद्मिनी तोवर दुरुस्त होऊन चालू लागली होती. आबांना घेऊन आम्ही संकेश्वरला एका लग्नाला गेलो. तात्या आपल्या पिकअपमध्ये, विश्वास नसल्यामुळे मागून. परतताना तवंदी घाटाच्या माथ्यावर पद्मिनी खोकली आणि बंद पडली. एसी पंपाचा पडदा फाटला होता. राष्ट्रीय महामार्गावर अशा वेळी १०३३ हा क्रमांक फिरवावा आणि क्रेनची वाट पाहावी, हे सर्वांत बरे. मी ते म्हणालेही. पण पुढे सगळा उतार, खाली निपाणी, जवळचे गॅरेजही तिथलेच, आणि दांडा पिकअपमध्येच होता. तात्या मला म्हणाले, “तुझा दांडा बघूच की.”

या वेळी आम्ही आधी दहा मिनिटे नुसती तयारी केली. पिना दोनदा पाहिल्या. पाटी मी आधीच रंगवून ठेवली होती, ती मागच्या काचेला बांधली. दांड्याला तर लाल-पांढरे पट्टेच मारलेले होते. पिकअप दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून तात्यांनी उतार सुरू केला. पद्मिनीत चाकाशी मी, शेजारी आबा. मला सांगण्यासारखे काही घडले नाही, हेच मला सांगायचे आहे. हिसका नाही, ढिलाई नाही. तात्यांनी वेग कमी केला की आमचा कमी, त्यांनी वळवले की आमची चाके माझ्या हातांखाली आपली आपण वळत होती. मोठमोठे ट्रक बाजूने जात होते, पण कुणी मध्ये शिरायला मध्ये जागाच नव्हती. स्तवनिधीजवळ आबांनी हात जोडले आणि मग निपाणीपर्यंत झोपले.

आता माझे मत. सोलाच्या टोचनाला दोन चांगले ड्रायव्हर लागतात आणि आपण देतो एक. चांगला असतो तो पुढे बसतो, कारण त्याच्या हाती चालू इंजिन असते, आणि मेलेल्या गाडीत आपण सर्वांत कच्चा माणूस बसवतो. शाळकरी पोरगा, नवशिकी पुतणी, गॅरेजातला चौदा वर्षांचा हरकाम्या, ‘नुस्तं चाक धरून बसायचं’ म्हणून. खरे तर ब्रेक, अंतर, सोलाचा ताण हे सगळे त्या मागच्याच्या हाती असते. दांडा असेल तर एक चांगला ड्रायव्हर पुरतो. चांगली माणसे आपल्याकडे कमी आहेत म्हणून नव्हे, तर ती कुठे बसवायची हे आपल्याला कळत नाही म्हणून दांडा हवा, असे मी म्हणते. आणि दांडा नसेल, सोलावाचून गत्यंतरच नसेल, तर निदान सर्वांत सराईत माणूस मागे बसवा. तात्यांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते पुढचा ड्रायव्हर तो ड्रायव्हर.

कुणी म्हणेल, घरोघरी लोखंडी दांडा कोण ठेवणार? घरोघरी नकोच. गावात मळणी यंत्र घरोघरी कुठे असते? गावातल्या एका सोसायटीत, एका गॅरेजात, एका पेट्रोल पंपावर एक दांडा असला तरी पुरे. आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कुठल्या तरी खेड्यात होते. आपण गटारे काढतो, झाडे लावतो, त्यांतली काही जगतात. पुढच्या शिबिरात एक दांडा आणि एक पाटी त्या गावाला देऊन यावी, ही सूचना मी लेखी दिली आहे. ‘विचार करू’ असे उत्तर आले आहे. भौतिकशास्त्राच्या सरांनी मात्र माझे हिसक्याचे गणित वर्गात सोडवून दाखवले, आणि त्यात माझी एक चूकही काढली. सोल ताणताना पुढच्या गाडीचाही वेग थोडा कमी होतो हे मी धरले नव्हते. ते धरले तर आकडा खाली येतो, पण पिकअप जड असल्यामुळे निम्म्याहून अधिक उरतोच.

तो मुलगा गेल्या जूनपासून आपल्याच कॉलेजात आहे, वाणिज्य शाखेला. हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला, मराठीतून अर्धा आणि माझ्या मोडक्या कन्नडातून अर्धा. नाव घालू नका म्हणाला. खांदा आता बरा आहे, थंडीत थोडा धरतो. दोन गाड्यांच्या मधून जाताना अजून खाली बघतो, म्हणाला, रस्त्यावर काही लोळते आहे का ते. त्याचा लेख याच अंकाच्या कन्नड विभागात आहे. तो क्रिकेटवर आहे.

दांडा गावी आमच्या गोठ्यात असतो, जुन्या बैलगाडीच्या जवाशेजारी भिंतीला टेकवून. आतापर्यंत पाच जणांनी नेला. नेणाऱ्याचे नाव आबा पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात. सध्या तो मिस्त्रींकडे आहे. तीन आठवडे झाले, परत आलेला नाही.